विजेट कुठे दिसावे, हे कोणी ठरवायचे? पीएचपीतील एका अटीचा इतिहास



तुमच्या महाविद्यालयाची वेबसाइट उघडा. मुख्य पानाच्या कडेला सूचनांची यादी असेल, प्रवेशाच्या पानावर चौकशीचा दूरध्वनी क्रमांक असेल आणि ग्रंथालयाच्या पानावर वेळापत्रक. साइट एकच, डिझाइनही तेच, पण कडेच्या पट्टीतले छोटे चौकोन पानागणिक बदलतात. या चौकोनांना आपण विजेट म्हणतो. कोणते विजेट कोणत्या पानावर दाखवायचे हे एक साधी अट ठरवते. पीएचपी शिकताना दुसऱ्या-तिसऱ्या तासालाच तुम्ही 'इफ' लिहायला शिकता. ही अट म्हणजे तोच 'इफ' आहे.

या टिपणात त्या 'इफ'चा इतिहास पाहू. पाठ्यपुस्तकात वाक्यरचना मिळते, पण ती अट कोणी लिहायची, ती कुठे साठवायची आणि ती कधी तपासली जाते, हे प्रश्न तिथे येत नाहीत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या तीन प्रश्नांची उत्तरे अनेकदा बदलली आहेत. प्रत्येक बदलाने एक अडचण सोडवली आणि दुसरी उभी केली. हा क्रम समजला की आज तुम्ही लिहीत असलेली अट कुठे ठेवावी, हे तुमचे तुम्हाला ठरवता येईल.

एक खुलासा. प्रत्यक्ष कोडमध्ये फंक्शनची नावे रोमन लिपीत असतात. इथे मी ती उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत.

१. अट येण्यापूर्वीचे पान

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला वेबपान म्हणजे सर्व्हरवर ठेवलेली एक फाइल असे. साइटवर पन्नास पाने असली आणि प्रत्येकाच्या कडेला एकच यादी असली, तर यादीतला एक दुवा बदलण्यासाठी पन्नास फाइली उघडाव्या लागत. एनसीएसए या अमेरिकन संस्थेच्या वेब सर्व्हरमध्ये 'सर्व्हर साइड इन्क्लूड्स' ही सोय आली. तिच्यामुळे यादी एका वेगळ्या फाइलीत ठेवून सगळ्या पानांत जोडता येऊ लागली. श्रम वाचले, पण सगळीकडे यादी तीच राहिली.

दुसरा मार्ग सीजीआयचा होता. पर्ल किंवा सी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा आणि त्याने पूर्ण एचटीएमएल छापून द्यायचे. इथे अट घालता येत असे, पण त्यासाठी अख्खे पान प्रोग्रॅमच्या पोटात शिरत असे. मजकुरातले एक वाक्य बदलायलाही प्रोग्रॅमर लागायचा.

ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या ऑनलाइन परिचयपत्राला किती लोक भेट देतात हे पाहण्यासाठी सी भाषेत काही छोटी साधने लिहिली. ८ जून १९९५ रोजी त्यांनी ती 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने सर्वांसाठी खुली केली. पुढे त्यांतूनच पीएचपी घडली. नोव्हेंबर १९९७ मध्ये पीएचपी-एफआय २.० आली. जून १९९८ मध्ये अँडी गुटमन्स आणि झीव सुरास्की यांनी नव्याने लिहिलेली पीएचपी ३ आली. या भाषेने सीजीआयची मांडणी उलटी केली. पान प्रोग्रॅमच्या पोटात राहण्याऐवजी प्रोग्रॅमच पानाच्या पोटात आला. एचटीएमएलच्या एखाद्या तुकड्याच्या आधी 'इफ' आणि नंतर कंस बंद, एवढे केले की तो तुकडा अटीवर अवलंबून झाला.

इथे एक मुद्दा नीट लक्षात घ्या. पीएचपीची अट सर्व्हरवर तपासली जाते. अट खोटी ठरली तर तो तुकडा ब्राउझरकडे पाठवलाच जात नाही. सीएसएस वापरून एखादा चौकोन अदृश्य केला, तर त्याचा मजकूर वाचकाच्या संगणकापर्यंत पोचलेला असतो आणि पानाचा मूळ कोड उघडणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसते, पण या फरकामुळेच आपल्याला पीएचपीच्या अटीचा विचार करावा लागतो.

२. टेम्प्लेटमधली अट

मिशेल वाल्द्रिघी यांनी २००१ मध्ये पीएचपीत 'बी२' नावाचे लेखनाचे सॉफ्टवेअर सुरू केले. पुढे त्याचे काम थंडावले, तेव्हा अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी त्याचा कोड घेऊन २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती काढली. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक वेबसाइट वर्डप्रेसवर चालतात. म्हणून आपण मुख्यतः तिचेच उदाहरण घेऊ.

फेब्रुवारी २००५ मध्ये आलेल्या वर्डप्रेस १.५ मध्ये दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली थीम, म्हणजे साइटच्या रूपाच्या फाइलींचा संच. दुसरी 'कंडिशनल टॅग' नावाची फंक्शन्स. 'इज-होम' विचारते, हे लेखांच्या यादीचे मुख्य पान आहे का? 'इज-सिंगल' विचारते, हा एकटा लेख आहे का? 'इज-पेज' विचारते, हे स्थिर पान आहे का? उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही'. वाचकाने मागितलेल्या पत्त्यावरून वर्डप्रेस डेटाबेसला एक मुख्य प्रश्न विचारते, त्याला 'मेन क्वेरी' म्हणतात. ही फंक्शन्स त्या क्वेरीचे स्वरूप पाहून उत्तर देतात.

त्याच आवृत्तीत 'क्युब्रिक' ही थीम मूळ थीम म्हणून आली आणि २०१० पर्यंत तशीच राहिली. तिची साइडबारची फाइल पाहिली तर आपल्या विषयाचा पहिला धडाच तिथे मिळतो. वाचक एखाद्या वर्गवारीत किंवा एखाद्या महिन्याच्या संग्रहात असेल, तर 'तुम्ही अमुक संग्रह पाहत आहात' असा मजकूर दिसे. मित्रसाइटींची यादी आणि लॉगइनचा दुवा मात्र मुख्य पान किंवा स्थिर पान असेल तरच दिसत. 'इज-होम किंवा इज-पेज' ही अट त्या फाइलीत चक्क लिहिलेली होती.

या काळात आपल्या तीन प्रश्नांची उत्तरे स्पष्ट होती. अट लिहिणारा थीमचा प्रोग्रॅमर. अटीची जागा सर्व्हरवरची फाइल. तपासणीची वेळ प्रत्येक पान तयार होताना. अडचण एवढीच की ज्याला फाइल उघडता येत नाही त्याच्या हातात काही नव्हते. कार्यालयातल्या लिपिकाला प्रवेशाची सूचना फक्त एका पानावर हवी असली, तरी त्याला प्रोग्रॅमरची वाट पाहावी लागे.

३. विजेट आले, अट गेली

ही अडचण विजेटने सोडवली. वर्डप्रेसमागच्या ऑटोमॅटिक कंपनीने २००६ मध्ये विजेटचे प्लगइन आणले आणि मे २००७ च्या २.२ आवृत्तीत विजेट मूळ सॉफ्टवेअरचा भाग झाले. आता प्रशासकाच्या पडद्यावर माउसने चौकोन उचलायचा, साइडबारमध्ये सोडायचा आणि जतन करायचे. फाइलीला हात लावायची गरज उरली नाही. लिपिकाचे काम लिपिकाला करता येऊ लागले. हा फार मोठा बदल होता.

पण या बदलात एक गोष्ट नकळत हरवली. विजेटसाठी जुन्या थीममध्ये जो बदल केला गेला त्याचा अर्थ असा होता: साइडबारमध्ये विजेट असतील तर ती दाखव, एकही नसेल तर फाइलीतला जुना मजकूर दाखव. म्हणजे प्रशासकाने पहिले विजेट ठेवले की क्युब्रिकमधला तो सगळा जुना साइडबार बाजूला पडायचा आणि त्याच्यासोबत 'इज-होम किंवा इज-पेज' ही अटही निघून जायची. विजेटच्या पडद्यावर शीर्षकाची जागा होती, मजकुराची जागा होती, पण 'कोणत्या पानावर' हे सांगायला जागाच नव्हती. ठेवलेले विजेट त्या साइडबारच्या सगळ्या पानांवर दिसायचे.

अधिकार प्रोग्रॅमरकडून वापरणाऱ्याकडे गेला, पण त्या प्रवासात अट मागे राहिली. पुढची पंधरा वर्षे लोक तीच अट परत मिळवण्याच्या मागे होते.

४. चौकटीतला कोड

पहिले लोकप्रिय उत्तर 'विजेट लॉजिक' नावाच्या प्लगइनने दिले. कल्पना अगदी सरळ होती. प्रत्येक विजेटच्या खाली मजकूर लिहायची एक छोटी चौकट जोडायची. तिच्यात प्रशासकाने पीएचपीची अट लिहायची, उदाहरणार्थ 'इज-होम'. पान तयार होताना प्लगइन ती अट चालवणार. उत्तर खरे आले तर विजेट ठेवणार, खोटे आले तर यादीतून काढणार.

इथे थोडे थांबा. प्रशासकाने लिहिलेली अट फाइलीत नाही. ती डेटाबेसमध्ये साधी अक्षरे म्हणून साठवलेली आहे. अक्षरांना कोड समजून चालवायचे असेल तर पीएचपीत 'इव्हॅल' ही सोय आहे. तिला अक्षरांची माळ दिली की ती तिला पीएचपीचा प्रोग्रॅम मानून चालवते. विजेट लॉजिक हेच करत असे. तुम्ही 'रिटर्न' हा शब्द लिहिला नसेल, तर तोही स्वतः जोडून घेत असे.

वापरणाऱ्यांना हे का आवडले, हे समजणे कठीण नाही. पीएचपीत जे जे विचारता येते ते सगळे त्या चौकटीत विचारता येत होते. वाचकाने लॉगइन केले आहे का? आज सोमवार आहे का? हा लेख अमुक वर्गवारीतला आहे का? प्रोग्रॅमर नसलेल्या माणसाच्या हातात अट परत आली, तीही पूर्ण ताकदीनिशी. बेल्जियममधून आलेल्या ड्रुपल या प्रणालीतही अशीच सोय होती. तिथे विजेटला 'ब्लॉक' म्हणत आणि ब्लॉक कुठे दाखवायचा हे ठरवण्याच्या पर्यायांत 'हा पीएचपी कोड खरे उत्तर देईल तर' असाही एक पर्याय असे. तो तज्ज्ञांसाठीच आहे, असे तिथेच लिहिलेले असे.

५. तीन ठेचा

या चौकटीत अट लिहिताना लोकांना ज्या ठेचा लागल्या त्या आजही लागतात. तीन सांगतो.

पहिली तर्काची. समजा, मुख्य पानावरही नको आणि संपर्काच्या पानावरही नको, बाकी सगळीकडे विजेट हवे. पुष्कळ जण लिहितात: 'मुख्य पान नाही किंवा संपर्काचे पान नाही'. ऐकायला बरोबर वाटते, पण ही अट कधीच खोटी होत नाही. वाचक मुख्य पानावर असेल तर तो संपर्काच्या पानावर नसतो, म्हणून दुसरा भाग खरा. संपर्काच्या पानावर असेल तर पहिला भाग खरा. विजेट सगळीकडे दिसतच राहते आणि आपण प्लगइनला दोष देतो. बरोबर अट आहे: 'मुख्य पान नाही आणि संपर्काचे पान नाही'. हा डी मॉर्गनचा नियम आहे. डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये तुम्ही तो गेटच्या आकृतीत पाहिला आहे. ऑगस्टस डी मॉर्गन यांचा जन्म १८०६ मध्ये आपल्याच देशात, मदुराईला झाला. परीक्षेत या नियमाला दोन-चार गुण असतात, पण कामाच्या ठिकाणी तो चुकला तर त्याची किंमत दुसराच कोणी मोजतो.

दुसरी ठेच क्वेरीची. कंडिशनल टॅग मुख्य क्वेरीकडे पाहून उत्तर देतात, हे वर आले आहे. काही थीममध्ये पानाच्या वरच्या भागात 'ताजे तीन लेख' दाखवण्यासाठी 'क्वेरी-पोस्ट्स' हे फंक्शन वापरलेले असे. हे फंक्शन मुख्य क्वेरीच बदलून टाकते. साइडबार त्यानंतर तयार होतो. तोपर्यंत 'इज-पेज' त्या नव्या क्वेरीबद्दल उत्तर देऊ लागलेले असते. अट अचूक, तरी उत्तर चुकीचे. विजेट लॉजिकला यासाठी मूळ क्वेरी परत आणणारा एक वेगळा पर्याय द्यावा लागला. धडा असा की अट वाचताना 'ती कोणाला विचारली जात आहे' आणि 'कोणत्या क्षणी' हेही वाचावे लागते. दुय्यम यादीसाठी 'डब्ल्यूपी-क्वेरी'चा स्वतंत्र ऑब्जेक्ट वापरावा, मुख्य क्वेरीला धक्का लावू नये.

तिसरी ठेच घड्याळाची, आणि ती भारतात हमखास लागते. वर्डप्रेस पीएचपीचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते. आपण साडेपाच तास पुढे आहोत. 'सकाळी दहानंतर दाखव' अशी अट पीएचपीच्या साध्या 'डेट' फंक्शनने लिहिली, तर विजेट आपल्याकडे दुपारी साडेतीनला उगवते. साइटच्या स्थानिक वेळेसाठी वेगळी फंक्शन्स आहेत. नोव्हेंबर २०१९ च्या ५.३ आवृत्तीत आलेले 'डब्ल्यूपी-डेट' हे त्यांपैकी एक. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा दुवा साडेपाच तास उशिरा दिसणे म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

६. किल्ली कोणाकडे?

ठेचा लागल्या तरी माणूस सावरतो. चौकटीतल्या कोडचा मोठा धोका वेगळाच होता. 'इव्हॅल'ला अट आणि आज्ञा यांतला फरक कळत नाही. चौकटीत 'इज-होम' लिहिले तरी ती चालवणार आणि डेटाबेसमधला तक्ता पुसणारी ओळ लिहिली तरी तीही चालवणार. पीएचपीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतही 'इव्हॅल'बद्दल धोक्याचा इशारा आहे. विजेट लॉजिकच्या माहितीतही स्पष्ट लिहिलेले होते की विजेट बदलण्याचा अधिकार ज्याला आहे त्याला कोणताही कोड चालवण्याचा अधिकार मिळतो.

वर्डप्रेसमध्ये प्रशासकाच्या पडद्यावरून थीमच्या आणि प्लगइनच्या फाइली बदलण्याची सोय असते. सावध लोक मांडणीच्या फाइलीत एक ओळ लिहून ती बंद करून ठेवतात. प्रशासकाचा पासवर्ड चोरीला गेला तरी निदान कोड बदलता येऊ नये, हा हेतू. पण विजेटखाली 'इव्हॅल' होणारी चौकट असेल, तर पुढच्या दाराला कुलूप घालून मागचे दार उघडे ठेवल्यासारखे होते. चोराला फाइल बदलायची गरजच उरत नाही.

आणखी एक तोटा रोजच्या कामातला आहे. फाइलीतला कोड गिटमध्ये नोंदवता येतो. कोणी, कधी, काय बदलले ते कळते. डेटाबेसमधल्या चौकटीत लिहिलेल्या अटीची अशी नोंद राहत नाही. त्यात चूक झाली तर पीएचपीच्या त्रुटिसंदेशात फक्त 'इव्हॅल केलेल्या कोडची पहिली ओळ' एवढेच दिसते. साइडबारमध्ये वीस विजेट असतील तर कोणत्या विजेटची पहिली ओळ, हे शोधत बसावे लागते. आणि अटीत अस्तित्वात नसलेल्या फंक्शनचे नाव लिहिले गेले, तर एका विजेटपायी अख्खे पान कोसळू शकते.

७. कोडऐवजी यादी

यावरचा उपाय हळूहळू आकाराला आला. अटीला कोड न मानता माहिती मानायची. २०१३ मध्ये वर्डप्रेसच्या जेटपॅक प्लगइनमध्ये विजेटची दृश्यता ठरवण्याची सोय आली. तिथे चौकट नव्हती, उघडणाऱ्या याद्या होत्या: 'दाखव' किंवा 'लपव', 'वर्गवारी', 'लेखक', 'पान' यांपैकी काय, आणि त्यातले कोणते. डेटाबेसमध्ये जाणार ते एवढेच शब्द. त्यांचा अर्थ लावणारा कोड प्लगइनच्या फाइलीत, आधी तपासलेला. वापरणाऱ्याने काहीही निवडले तरी 'दाखव' किंवा 'लपव' यापलीकडे काही घडू शकत नाही.

ड्रुपलने तर ठाम पाऊल उचलले. नोव्हेंबर २०१५ मध्ये आलेल्या ड्रुपल ८ च्या गाभ्यातून पडद्यावर पीएचपी लिहिण्याची सोयच काढून टाकली. तिच्या जागी अटींचे छोटे प्लगइन आले. नवी अट हवी असेल तर प्रोग्रॅमरने ती फाइलीत, वर्गाच्या स्वरूपात लिहायची. प्रशासकाने ती यादीतून निवडायची.

ही कामाची वाटणी मला फार शिकवणारी वाटते. अटीचा अर्थ काय, हे प्रोग्रॅमर एकदाच लिहितो. ती कुठे लावायची, हे वापरणारा हवे तितक्यांदा ठरवतो. काही ताकद गेली हे खरे. 'लॉगइन केलेला तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी आणि परीक्षेला आठ दिवस बाकी' अशी अट तयार यादीत मिळणार नाही. पण अशी अट खरोखर हवी असेल, तर ती कोणीतरी जबाबदारीने लिहून तपासलेली असलेलीच बरी.

८. अट खरी, पान जुने

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या वेबसाइटची देखभाल माझ्याकडे होती. परीक्षेच्या अर्जाची मुदत वाढल्याची सूचना मी विजेटमध्ये लिहिली, ती फक्त परीक्षा विभागाच्या पानांवर दिसावी अशी अट घातली, माझ्या संगणकावर पाहिली आणि घरी गेलो. संध्याकाळी एका विद्यार्थिनीचा फोन आला. 'सर, मुदत वाढली असं सगळे म्हणतात, पण साइटवर कुठेच नाही. उद्या विलंब शुल्क भरावं लागेल का?' मी पुन्हा साइट उघडली. सूचना होती. मी तिला म्हणालो, 'नीट बघ, आहे तिथे.' ती म्हणाली, 'नाहीये सर.'

दोघांचेही खरे होते. साइट वेगाने चालावी म्हणून आम्ही कॅशेचे प्लगइन बसवले होते. ते एकदा तयार झालेले पान साठवून ठेवते आणि पुढच्या वाचकांना तेच देते. त्या वेळी पीएचपी चालतच नाही, त्यामुळे अट तपासण्याचा प्रश्नच येत नाही. लॉगइन केलेल्यांना मात्र ते ताजे पान देते. मी लॉगइन होतो, म्हणून मला नवे पान मिळत होते. विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी साठवलेले मिळत होते. कॅशे पुसला आणि पाच मिनिटांत सूचना सगळ्यांना दिसली. पण दिवसभरात किती जणांनी साइट पाहून 'मुदत वाढलेली नाही' असे समजून घाईने पैसे भरले असतील, ते मला कधी कळले नाही. त्या मुलीला मी 'नीट बघ' म्हणालो, याची आजही खंत वाटते. तेव्हापासून कोणताही बदल केला की मी लॉगइन नसलेल्या दुसऱ्या ब्राउझरमध्ये, शक्यतो फोनवर, तो पाहिल्याशिवाय उठत नाही.

हा प्रश्न माझ्यापुरता नाही. अट जितकी व्यक्तिनिष्ठ, तितके पान साठवणे अवघड. 'हा वाचक मोबाइलवर आहे का' अशी अट सर्व्हरवर तपासली आणि नेमके पहिल्या वाचकाचे मोबाइलचे पान साठवले गेले, तर संगणकावरच्या वाचकालाही तेच मिळू शकते. २००१ मध्येच अकामाई, ओरॅकल आदी कंपन्यांनी 'एज साइड इन्क्लूड्स' नावाचा प्रस्ताव मांडला होता. पानाचा स्थिर भाग साठवायचा आणि बदलता तुकडा ऐनवेळी जोडायचा, ही त्यातली कल्पना. ड्रुपल ८ ने प्रत्येक ब्लॉकसोबत 'हा कशाकशावर अवलंबून बदलतो' याची नोंद ठेवायला सुरुवात केली, म्हणजे कॅशेला किती प्रती ठेवायच्या ते कळते.

९. आजचे चित्र

डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसच्या लेखनात ब्लॉक आले आणि जुलै २०२१ च्या ५.८ आवृत्तीत विजेटचा पडदाही ब्लॉकचा झाला. जानेवारी २०२२ च्या ५.९ पासून ब्लॉक थीम आल्या. त्यांत साइडबारला वेगळे विजेट ठेवण्याची पद्धतच उरलेली नाही. लेखासाठी एक टेम्प्लेट, स्थिर पानासाठी दुसरे, संग्रहासाठी तिसरे. ज्यात ब्लॉक ठेवाल त्या प्रकारच्या पानांवर तो दिसेल. म्हणजे २००५ मध्ये टेम्प्लेटमध्ये असलेली अट पुन्हा टेम्प्लेटमध्येच आली. फरक एवढाच की आता ते टेम्प्लेट वापरणाऱ्याला पडद्यावर बदलता येते.

पण हजारो संस्थांच्या साइट जुन्या थीमवर चालतात आणि त्यांची दुरुस्ती तुमच्यासारख्या नव्या अभियंत्यांकडे येते. तेव्हा स्वतःचा पीएचपी कोड लिहायचा झाल्यास क्रम असा ठेवा. आधी पाहा, यादीतून निवडण्याची सोय पुरते का. पुरत नसेल तर स्वतःचे छोटे प्लगइन फाइलीत लिहा. वर्डप्रेसमध्ये २.८ आवृत्तीपासून 'विजेट-डिस्प्ले-कॉलबॅक' नावाचे फिल्टर आहे. विजेट छापण्यापूर्वी वर्डप्रेस त्याला विचारते. तुमच्या फंक्शनने 'फॉल्स' परत केले की ते विजेट छापले जात नाही. त्यामुळे साइडबारची रिकामी पट्टी मागे उरत असेल, तर 'साइडबार्स-विजेट्स' या फिल्टरने विजेट यादीतूनच काढा. तोटा इतकाच की मग प्रत्येक बदलाला फाइल उघडावी लागते.

आणि एक शेवटची सावधगिरी. विजेट न दाखवणे म्हणजे माहिती सुरक्षित ठेवणे नाही. गुणपत्रिकेचा दुवा देणारे विजेट लॉगइन नसलेल्यापासून लपवले, तरी त्या दुव्याचा पत्ता ज्याला माहीत आहे तो थेट तिथे पोचू शकतो. दारावरची पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही. अधिकाराची तपासणी त्या दुव्याच्या पलीकडच्या पानावरच झाली पाहिजे.

थोडक्यात

अट आधी फाइलीत होती आणि प्रोग्रॅमरच्या हातात होती. विजेट आले तेव्हा ती हरवली. मग ती मजकुराच्या चौकटीत परतली, पण सोबत साइटची किल्लीही तिथे ठेवली गेली. त्यानंतर ती यादीतल्या शब्दांत बांधली गेली आणि आता पुन्हा टेम्प्लेटकडे वळते आहे. वाक्यरचना सुरुवातीला जी होती तीच आहे. बदलत गेले ते अट लिहिणाऱ्याचे अधिकार, आणि ती चुकली तर भुर्दंड कोणाला, हे. पुढच्या वेळी 'इफ' लिहाल तेव्हा पडद्यापलीकडे बसलेल्या, लॉगइन नसलेल्या वाचकाच्या जागी स्वतःला ठेवून एकदा पान उघडा.

स्वाध्याय

१. 'स्थिर पान नाही किंवा एकटा लेख नाही' ही अट कोणत्या पानांवर खरी ठरेल? सत्यता सारणी मांडून दाखवा आणि हवी ती अट लिहा.

२. 'इव्हॅल' वापरणारी चौकट आणि पर्यायांची यादी यांची तुलना तीन निकषांवर करा: ताकद, सुरक्षितता, बदलांची नोंद.

३. तुमच्या महाविद्यालयाच्या वेबसाइटवरील एक विजेट निवडा. ते कोणत्या अटीवर दिसत असावे, याचा अंदाज निरनिराळी पाने पाहून बांधा. लॉगइन असताना आणि नसताना काही फरक पडतो का, तेही तपासा.

४. एखादी सूचना ठरावीक दिवशी मध्यरात्री बारा वाजता नाहीशी व्हावी अशी अट जागतिक प्रमाणवेळेने लिहिली, तर भारतात ती किती वाजता नाहीशी होईल? त्यावेळी कॅशे चालू असेल तर काय होईल?